पडद्याबाहेरचे दुःख
२१ जून १९९० रोजी मध्यरात्र उलटल्यावर उत्तर इराणात भूकंप झाला. हजारो माणसे गाडली गेली. त्याच भागातल्या कोकेर गावात अब्बास किआरोस्तमी यांनी १९८७ चा आपला एक चित्रपट घडवला होता. त्यात काम केलेली मुले वाचली का, हे पाहायला ते निघाले. या प्रवासावर त्यांचा १९९२ चा ‘झिंदगी व दीगर हीच’ बेतलेला आहे. म्हणजे, आयुष्य आणि दुसरे काहीच नाही.

चित्रपटात भूकंपाचा क्षण नाही, आक्रोश नाही. आपल्याला भेटतो तो आप्त गमावूनही लगेच लग्न केलेला तरुण आणि विश्वचषकाचा सामना दिसावा म्हणून तंबूंजवळ अँटेना उभारणारा माणूस. मुले सापडल्याचेही दाखवलेले नाही. मोटार चढावर अडते, पुन्हा जोर लावते, वाटेत गॅसची टाकी वाहणाऱ्याला आत घेते आणि पुढे जाते. मुले जिवंत असल्याचे १९९४ च्या पुढच्या चित्रपटात ती दिसतात तेव्हा कळते.

आज कुठेही माणसे मेली की कॅमेरे आधी रडणाऱ्या आईच्या तोंडाशी जातात. दंगलींनंतर आपल्या मोहल्ल्यांनीही हे सोसले आहे. ज्या घरातून जनाजा उठला, तिथे आपण हळू बोलतो, जेवण पाठवतो, खोदून विचारत नाही. किआरोस्तमींचा कॅमेरा त्या घरी शेजाऱ्यासारखा जातो. दुःखितांची अब्रू राखण्याची ही रीत आपण पडद्यावरही मागायला हवी.