सभामंडपाचा पत्रा व त्याचा रंग

जीर्णोद्धाराच्या हिशेबात ‘पत्रा धुणे व घासणे’ अशी एक बाब आहे. कोरा, चकचकीत पत्रा धुवावयाचा कशास, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. तिचे उत्तर देताना थोडा इतिहास सांगणे अवश्य वाटते.

आपल्या औसा भागात पूर्वी घरोघर माळवद असे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ही घरे गार राहत; परंतु गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती टाकल्याने छपराचे ओझे वाढत जाई. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आपल्याच तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आदी गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे झोपेतच त्या दगडमातीखाली गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढील दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढले. सभामंडपावर हलके छप्पर असावे, या विचारामागे हीच आठवण आहे.

पत्र्याचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. लंडनच्या हेन्री पामर यांनी १८२९ साली पन्हाळी पत्र्याचे पेटंट घेतले. पन्हाळीमुळे पातळ पत्र्यास ताठपणा आला, परंतु गंज सुटला नाही. १८३७ साली फ्रान्समधील सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजते व लोखंडास राखते. आपल्या देशात राजस्थानातील जावर येथे त्याच्या कित्येक शतके आधीपासून जस्त गाळले जात होते.

मात्र हेच जस्त रंगाच्या आड येते. साधा तेलरंग थेट दिल्यास त्यातील तेलाचा जस्ताशी संयोग होऊन मध्ये साबणासारखा थर धरतो व रंग पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय साठवणीत पांढरी भुकटी धरू नये म्हणून कारखान्यात नव्या पत्र्यावर तेलाचा वा रसायनाचा हात दिलेला असतो. त्यावरही रंग चिकटत नाही. म्हणून जुने रंगारी नवा पत्रा वर्षभर ऊनपावसात राहू देत व मगच रंगवीत.

आता तितके थांबावे लागत नाही. पत्रा साबणाच्या पाण्याने धुवावा, स्वच्छ पाण्याने खळखळून वाळू द्यावा. बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा. तारेच्या ब्रशाने खरवडल्यास जस्तच निघून जाते. गंजाचे डाग असल्यास तेवढेच साफ करावेत. नंतर जस्ताच्या पत्र्यासाठी असलेला प्रायमर आणि तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत.

रंगापेक्षा या पूर्वतयारीसच अधिक दिवस लागतात, आणि ती डोळ्यांस दिसत नाही. परंतु भाविकांनी घामाच्या पैशातून दिलेले दान दोन पावसाळ्यांत पापुद्र्यांबरोबर गळून पडू नये, एवढ्यासाठीच हा खर्च आहे. दरवर्षी मृगापूर्वी कोणीतरी शिडी लावून पत्रा पाहावा व कोठे गंज दिसल्यास लगेच हात द्यावा, ही पुढील पिढीस नम्र विनंती.