गुडगुडीची गुडगुड

आवाजावरून वस्तूचं बारसं करायची मराठी माणसाला फार हौस. फटफट करते ती फटफटी, खुळखुळतो तो खुळखुळा आणि गुडगुडते ती गुडगुडी. म्हणजे आटोपशीर, घरगुती हुक्का.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदारानं ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली. हकिमांनी नाकं मुरडली, तरी बादशहांनी दोन झुरके घेतलेच. पुढे १६१७ साली जहांगिरानं बंदी घातली. बंदीचं जे होतं, तेच झालं!

पण नावांची गंमत पाहा. अरबी माणसानं भांडं पाहिलं. 'हुक्का' म्हणजे मुळात डबी. इराण्यानं पाण्यासाठी लावलेली नारळाची करवंटी पाहिली आणि 'नारगिले' म्हणून मोकळा झाला. त्या शब्दातही आपला नारिकेलच दडलेला. आपण मात्र डोळे मिटून कान दिला. आणि साहेबानंसुद्धा! त्याचं 'हबल-बबल' म्हणजे गुडगुडीच, फक्त टोपी घातलेली. १७७९ साली वॉरन हेस्टिंग्जनं कलकत्त्यात मेजवानीचं आमंत्रण धाडलं, त्यात नोकर आणू नयेत अशी विनंती होती. अपवाद एकट्या हुक्काबरदाराचा.

आता कुणी म्हणेल, पाण्याचा आवाज तो काय, बुडबुड म्हणा नाहीतर गुडगुड. छे! ओढा खळखळतो, आमटी खदखदते, पिठलं रटरटतं, घागर बुडताना बुडबुडते. गुडगुडीला कोंडलेलं भांडं लागतं. झुरका ओढला की धूर पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो, आणि आवाज आतल्या आत घुमतो. मोल्सवर्थसाहेबांनी आपल्या कोशात गुडगुडीला जागा दिली ती उगीच नव्हे. पूर्वी ओटीवर बसलेल्या माणसाला आत काय शिजतंय आणि किती शिजलंय, हे नुसत्या कानानं कळे. कुकर आला आणि या साऱ्या गोतावळ्याच्या वाट्याला एकच शिट्टी आली.

पाण्यातून गेला म्हणून धूर सोवळा होत नाही, असं डॉक्टर बजावतात. महाराष्ट्रात २०१८ साली हुक्का पार्लरांवर बंदीही आली. गुडगुडी गेली याचं मला सुतक नाही. गुडगुड मात्र जाऊ नये. दवाखान्यात गेलं की विचारतात, "गॅसेस होतात का?" तिथं आमच्या आळीतल्या एक आजी ठणकावून सांगतात, "गॅस नाही हो डॉक्टर, गुडगुडतंय!" आणि डॉक्टरांना नेमकं कळतं.