आळशी नावाचा शेरा

परवा कपाट आवरताना माझी 1981 सालची टाचणवही सापडली. तेव्हा मी केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवीत होतो. प्रधान समाजातल्या एका मुलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा आहे : आळशी, वारंवार गैरहजर. हातपाय ठणकतात, असे तो सांगायचा. डोळे पिवळट दिसायचे. मी त्याला बाकावर उभे केले होते.

2019 साली पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या कामाबद्दल वाचले आणि हाच मुलगा आठवला.

शरीराच्या रासायनिक घडणीतला दोष आईबापांकडून येतो, हे इंग्लंडच्या गॅरॉड यांनी 1908 सालच्या व्याख्यानांत मांडले. 1949 साली पॉलिंग यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते, हे दाखवले. त्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून ते ठणकणे. पेशी लवकर फुटतात; म्हणून ती कावीळ.

डॉ. काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, प्रधान या समाजांत वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्के आढळले. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरताही त्यांनी तपासली. ती असलेल्याला हिवतापावरची प्रायमाक्विन गोळी दिली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आपल्या हिवतापाच्या मुलखात ही साधी गोष्ट नव्हे.

मला बोचते ते वेगळेच. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले ते 1958 साली, आपल्या नागपुरातून. माझ्या शेऱ्याच्या 23 वर्षे आधी! ते ज्ञान माझ्या वर्गापर्यंत पोचले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही.

तो मुलगा पुढे शाळेत आला नाही. त्याला सिकलसेलच होता, असे म्हणता येणार नाही. त्याचे रक्त कुणी तपासलेच नव्हते.

1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्त पाहावे.

आणि आमच्या घरातल्या नव्या मास्तरांनो, मूल दुखते म्हणाले तर शेरा नंतर लिहा.