महाबळेश्वरचे ‘पॉईंट’ आणि त्यांच्याखालच्या वाटा

महाबळेश्वरला चार दिवस मुक्कामी आलेल्या पाहुण्याचे वेळापत्रक साधारण ठरलेले असते : एक दिवस क्षेत्र महाबळेश्वर व आर्थर सीट, एक दिवस प्रतापगड, आणि संध्याकाळी बॉम्बे पॉईंटवरचा सूर्यास्त. ही वाटणी डोंगराने केलेली नाही. तिचे वय जेमतेम दोनशे वर्षांचे आहे.

त्यापूर्वीही माणसे येथे येतच होती. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांच्या उगमाच्या दर्शनाला यात्रेकरू येत. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये जिजाबाईंची सुवर्णतुला केली, ती याच क्षेत्री. खालच्या पार घाटातून देश आणि कोकण यांच्यात माल व सैन्य ये-जा करी. त्या वाटेवर वचक राहावा म्हणून १६५६ च्या सुमारास प्रतापगड उभा राहिला. म्हणजे येणाऱ्याला देव हवा असे, नाहीतर वाट. नुसती दरी पाहून संध्याकाळी माघारी फिरणे, हा हेतू नंतरचा.

तो आणला हिंदुस्थानच्या उन्हाने बेजार झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी साताऱ्याकडून वर चढला. पुढे रेसिडेंट ब्रिग्ज याच्या आग्रहावरून सातारचे प्रतापसिंह छत्रपती यांनी राजधानीपासून येथवर रस्ता बांधवला. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने आरोग्यस्थान वसवण्याचा निश्चय केला, तेव्हा १८२९ च्या करारान्वये छत्रपतींनी ही जागाही कंपनीला दिली व बदल्यात वाईकडील खंडाळा गाव घेतले. रस्ता छत्रपतींचा, जमीन छत्रपतींची. नव्या वस्तीला नाव मात्र पडले माल्कम पेठ! दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, त्याच कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले.

वस्तीतील रस्त्यांच्या कामाला चिनी व मलाय कैदी जुंपले गेले. बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवडही त्यांच्याच हातची. रस्ता कड्याच्या टोकापर्यंत गेला की त्या टोकाचा ‘पॉईंट’ होई. घोड्यावरून किंवा गाडीतून जावे, वारा घ्यावा आणि जेवणाच्या वेळेला बंगल्यावर परतावे, इतक्या अंतराचा. मढीमहाल आर्थर मॅलेट याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जे टोक आधी सिडनी पॉईंट होते, ते लॉडविकचे झाले. स्थानिक नावांचे काय झाले, याची चौकशी कोणी केल्याचे दिसत नाही. बॉम्बे पॉईंट हा त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावा : मुंबईकडे जाणारी जुनी वाट तेथून होती, एवढेच ते नाव सांगते.

म्हणून सहलीचा क्रम उलटा लावावा. पहिल्या दिवशी आंबेनळी घाटाने वीसेक किलोमीटर उतरून प्रतापगड पाहावा, पारच्या बाजूची दरी नीट न्याहाळावी. दुसऱ्या दिवशी लॉडविक पॉईंटवर उभे राहिल्यावर समोर तोच गड दिसतो, आणि कोणत्या वाटेवर पहारा ठेवण्यासाठी तो तेथे बांधला हेही वरून उमगते.