वेंधळेपणा, चिंता आणि उपचारांचा इतिहास

रोज किल्ल्या शोधणारा दादा, दहा कामे काढून एकही पुरे न करणारी वहिनी, बिले विसरणारे काका ही माणसे सगळ्यांच्याच ओळखीची आहेत. घरात त्यांना ‘वेंधळा’, ‘धांदरट’ अशी नावे पडतात. यांतल्या काहींची अडचण मात्र स्वभावाची नसून ए.डी.एच.डी.ची असते. हे निदान मोठ्या माणसांपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या कॅनडात घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९०२ साली लंडनला डॉ. जॉर्ज स्टिल यांनी बुद्धीने ठीक, पण स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांवर व्याख्याने दिली. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना आढळले, की बेन्झेड्रीन या उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट अभ्यासात स्थिरावतात. तरीही समज असाच राहिला, की हा मुलांचा आजार आहे आणि मिसरूड फुटले की आपोआप जातो.

या समजाला धक्का दिला तो मॉन्ट्रियलने. डॉ. गॅब्रिएल वाइस आणि डॉ. लिली हेक्टमन यांनी १९६० च्या दशकात तपासलेल्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. पंधरा वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक जणांचा त्रास पुरता गेला नव्हता! मॅक्गिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली मांडले, की खरी अडचण चुळबुळीची नसून लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थोपवण्याची आहे. १९८० साली अमेरिकन निदानग्रंथात या आजाराच्या नावातच ‘लक्ष’ हा शब्द आला आणि १९८७ साली आजचे नाव रूढ झाले.

पण एवढ्यावर भागत नाही. टॅक्सचे कागद राहून गेले, की धास्ती वाटते. धास्ती वाटते म्हणून पाकीट उघडवत नाही. उघडले नाही, की धास्ती आणखी वाढते. असे हे चक्र आहे. ए.डी.एच.डी. असलेल्या पुष्कळ प्रौढांना चिंतेचाही विकार असतो, आणि निव्वळ औषधाने हे चक्र दरवेळी थांबत नाही.

चिंतेवरच्या बोलण्याच्या उपचाराची गोष्ट न्यूयॉर्कची आहे. अल्बर्ट एलिस तरुणपणी फार लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बागेत जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी मुलींशी बोलण्याचा नेम केला. जमले काहीच नाही, पण भीती गेली! पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त छळतो, आणि तो विचार तपासून बदलता येतो, हे त्याचे सार. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. ॲरन बेक यांनी याच दिशेने दुसरी पद्धत घडवली.

हे विचार मराठीत यायला वेळ लागला नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि भारतात शिकवली. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आय.पी.एच. ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा घराघरांत नेली. तेव्हा ‘ही गोऱ्यांची थेरं’ असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते बॉस्टनमध्ये. स्टीव्हन सॅफरन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी उपचार आखला. त्यात एकच कॅलेंडर, एकच यादी, मोठ्या कामाचे लहान तुकडे, आणि ‘मला जमणारच नाही’ या विचाराची तपासणी होती. २०१० साली ८६ जणांवरच्या चाचणीत, औषध चालू असूनही त्रास उरलेल्यांना शिथिलीकरणाच्या धड्यांपेक्षा या उपचाराचा अधिक गुण आला.

आपल्या कॅल्गरीत सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करता येते, किंवा ८११ वर फोन करून. डॉक्टरांच्या चिठ्ठीने सायकियाट्रिस्टकडे गेल्यास खर्च प्रांताच्या आरोग्ययोजनेतून होतो. खासगी सायकॉलॉजिस्टची फी मात्र त्यात येत नाही. नोकरीच्या ठिकाणच्या विम्यात ती बसते का, हे आधी पाहून घ्यावे.

पन्नाशीला आलेल्या माणसाला ‘तू आळशी नव्हतास’ हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने ती आणखी दहा वर्षे अडू नये, एवढीच आमची इच्छा.