बाळू पालवणकर : आकड्यांच्या तराजूत

क्रिकेटमधील थोरवीचा निवाडा बहुधा आकड्यांवरून होतो. परंतु हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला 1932 साली. त्यापूर्वीच ज्याची उमेद सरली, त्याचे मोल कसे ठरवावे? बाळू पालवणकरांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही.

धारवाडास जन्मलेल्या, चर्मकार समाजातील ह्या तरुणाने पुण्यात पारशांच्या क्लबात दरमहा 3 रुपयांवर नोकरी धरली. पुढे युरोपियनांच्या क्लबात 4 रुपये मिळू लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली.

प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले, सरासरी 15.21. इंग्लंडचा विख्यात डावखुरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याची सरासरी 16 हून थोडी अधिक. म्हणून बाळू श्रेष्ठ, असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे होईल. ऱ्होड्सचे सामने अकराशेंहून अधिक, आणि त्यांतील काही वर्षे तो मुख्यतः फलंदाज म्हणून खेळला.

मग खरी कसोटी कोणती? 1911 चा इंग्लंडचा दौरा. तेथे प्रथम दर्जाच्या सामन्यांत बाळूंनी 20.12 च्या सरासरीने 75 बळी मिळविले. ते वजा करता मायदेशी 104 बळी उरतात व त्यांची सरासरी 12 च्याही आत येते. म्हणजे परक्या भूमीवर, बलाढ्य फलंदाजांपुढे, ही सरासरी बरीच चढली. तरीही 23 पैकी 15 सामने हरलेल्या संघात, पस्तिशीच्या वयात, सर्व सामने मिळून 114 बळी त्यांच्याच नावावर लागले. 15.21 ह्या आकड्यापेक्षा 20.12 हाच त्यांचा अधिक प्रामाणिक साक्षीदार होय.

परंतु काही गोष्टी धावफलकात उतरतच नाहीत. ज्या हिंदू संघासाठी त्यांनी बळी घेतले, त्याच संघातील सोबत्यांपासून दूर, तंबूबाहेर, त्यांना मातीच्या पात्रात चहा मिळे. कर्णधारपद अखेरपर्यंत लाभले नाही. 1923 मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

सारांश, जगातील अमुकव्या क्रमांकाचा गोलंदाज असे बाळूंना म्हणण्याइतका पुरावा 33 सामन्यांत नाही. हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज म्हणण्यास मात्र तो पुरेसा आहे. आणि सामने 33 च का, ह्याचा जाब त्यांना नव्हे, त्यांच्या काळाला विचारावयास हवा.