सांगलीची बुद्धिबळ परंपरा आणि शालेय साखळी स्पर्धेचा प्रश्न : उंब्रज परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात सांगलीची ओळख प्रामुख्याने 'नाट्यपंढरी' अशी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही ओळख रूढ झाली आणि देवल-खाडिलकरांनी ती दृढ केली. याच नगरीला 'बुद्धिबळाची पंढरी' असेही संबोधले जाते; मात्र या दुसऱ्या ओळखीकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. नाटक मंडळ्यांच्या बैलगाड्या गावोगाव फिरल्या, म्हणून नाटक सांगलीबाहेर पसरले. बुद्धिबळ मात्र पटाभोवती बसणाऱ्यांचा खेळ. तो शहरात रुजला, पण कृष्णेच्या वरच्या अंगाला असलेल्या कराड, मसूर, उंब्रज या पट्ट्यातील शाळांपर्यंत संघटित स्वरूपात पोहोचण्यास त्याला कोणते वाहन मिळाले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार 'साखळी स्पर्धा' या एका संघटनात्मक प्रकाराच्या अनुषंगाने केला आहे.

सांगली व सातारा यांना एकत्र घेण्याचे कारण केवळ नदी हे नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. शाळा, शिक्षक व शिक्षणसंस्था यांची देवाणघेवाण या दोन जिल्ह्यांत पूर्वापार चालत आलेली आहे.

नियमांची एकवाक्यता :

साखळी स्पर्धेची पहिली अट म्हणजे सर्व संघांनी एकाच नियमांनी खेळणे. ही अट आज इतकी गृहीत धरली जाते की, ती एकेकाळी अडचण होती याचे विस्मरण होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, किल्लेकोट नसे, राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचल्यावर त्याचे काय व्हावे, याविषयी तर प्रांतागणिक मतभेद होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच तो युरोपीय पद्धतीस अनुसरून केल्याचा उल्लेख आहे. याचा अर्थ दोन पद्धतींमधील अंतराची जाणीव त्या काळीही होती. पुढे मीर सुलतान खान यांनी १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. परंतु त्यांनाही पाश्चात्त्य नियम नव्याने आत्मसात करावे लागले होते.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरू येथे झाली. या स्पर्धेचे अजिंक्यपद रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. म्हणजे ज्या अर्थाने आपण आज शालेय स्पर्धा म्हणतो, तिचा पाया घालणे शक्य झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच.

सांगलीचे प्रतिमान :

सांगलीत ही परंपरा संघटित करण्याचे श्रेय नूतन बुद्धिबळ मंडळाला आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या दीर्घकालीन परिश्रमांना द्यावे लागते. उन्हाळी सुटीत स्पर्धा भरविणे, बाहेरगावच्या मुलांना खेळण्यास आणणे आणि निवडक खेळाडूंवर सातत्याने मेहनत घेणे, असे या प्रतिमानाचे स्वरूप होते. भाग्यश्री साठे (ठिपसे) यांची जडणघडण याच वातावरणात झाली. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद आणि १९९१ मध्ये आशियाई अजिंक्यपद अशी त्यांची कामगिरी आहे. एका मध्यम आकाराच्या शहरातील मंडळाने हे साधावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु या प्रतिमानाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मंडळाच्या स्पर्धेचे एकक खेळाडू हे असते, शाळा नव्हे. ज्याच्या घरी पट आहे, ज्याचे वडील मे महिन्यात आठ दिवस मुलाला सांगलीत ठेवू शकतात, तो तेथे पोहोचतो. शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी पायऱ्यांची रचना आहे आणि तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिचे उद्दिष्ट निवड हे आहे. प्रत्येक पायरीवर वरचे मोजके खेळाडू पुढे जातात आणि उरलेल्यांचे वर्ष तेथेच संपते. निवड करणारी रचना आणि खेळ शिकविणारी रचना या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीलाच दुसरी समजण्याची सवय जडली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अन्य देशांत शाळा हे एकक मानून स्पर्धा उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राच्या पाठबळावर १९५७-५८ पासून शाळांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. सोव्हिएत संघात १९६९ मध्ये 'पांढरा हत्ती' या अर्थाच्या नावाने शालेय संघांची स्पर्धा सुरू झाली; आजही रशियात ती चालते व संघात मुलीचा समावेश अनिवार्य असतो. हा शेवटचा तपशील आपल्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे.

मुलींचा पट :

भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढील वर्षी जयश्री आणि १९७६ पासून सलग तीन वेळा रोहिणी, अशा तीन सख्ख्या बहिणींकडे हे अजिंक्यपद राहिले. या भगिनी मुंबईत वाढल्या. मात्र त्यांचे पणजोबा नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. रोहिणी यांनी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

हा हक्क मिळून अर्धशतक लोटले. तरीही खेड्यातील मुलीपुढील अडचण नियमाची नसून वेळापत्रकाची आहे. शाळा सुटल्यानंतरची एस.टी. चुकली तर घरी कसे जायचे, या प्रश्नापुढे यूव यांचा निर्णय निरुपयोगी ठरतो. म्हणून साखळीची आखणी करताना मुलींसाठी किमान एक पट राखून ठेवणे आणि लढत शाळेच्या वेळेतच संपविणे, या दोन अटी प्रथम लिहाव्यात. बक्षिसांचा विचार नंतर करावा.

उंब्रज परिसर : एक आखणी

उंब्रज हे कराड तालुक्यातील गाव पुणे-बंगळूर महामार्गावर, तारळी व कृष्णा यांच्या संगमाजवळ वसले आहे. पश्चिमेस चाफळ व चरेगाव, पूर्वेस कृष्णेपलीकडे मसूर, महामार्गाच्या अंगाने इंदोली व तळबीड अशी गावे एस.टी.च्या टप्प्यात आहेत. याच तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. माध्यमिक शाळांचे दाट जाळे हे या भूभागाचे ऐतिहासिक संचित आहे. साखळीला मैदान लागत नाही, जाळे लागते.

उदाहरणादाखल सहा शाळा व प्रत्येकी चार पटांचा संघ घेऊ. बाद पद्धतीने पाच लढतींत विजेता ठरतो. मात्र पहिल्या फेरीत हरलेली शाळा एकच लढत खेळून घरी जाते. साखळी पद्धतीत पंधरा लढती होतात, डाव साठ होतात आणि सर्वांत दुबळ्या संघातील मुलासही पाच डाव मिळतात. पाच शनिवार पुरेत. शनिवारची शाळा सकाळची असल्याने लढत साडेनऊला सुरू करून मुले दुपारच्या गाडीने परत जाऊ शकतात. १८९५ मध्ये झुरिच येथे प्रथम वापरली गेलेली स्विस पद्धत संख्या मोठी असेल तेव्हा उपयोगी. सहा शाळांसाठी एका शाळेचा क्रमांक स्थिर ठेवून बाकीचे पाच फिरविले की वेळापत्रक तयार होते. त्यासाठी संगणक लागत नाही, फळा पुरतो.

काळ कोणता निवडावा? अनेकांचा कल दिवाळीनंतरचा हंगाम घेण्याकडे असतो. प्रस्तुत लेखकास जुलै-ऑगस्ट अधिक योग्य वाटतो. चाफळच्या खोऱ्यात त्या दिवसांत पाऊस धो धो पडतो, कबड्डी व खो-खोची मैदाने चिखलात जातात आणि क्रीडाशिक्षक वर्गातच अडकलेले असतात. ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला तर वेळापत्रक कोलमडेल हे खरे. यासाठी एक-दोन शनिवार मोकळे ठेवावेत आणि पावसामुळे न आलेल्या संघाविरुद्ध 'पुढे चाल' न देता लढत नव्याने घ्यावी.

गुण देताना लढत जिंकल्यास दोन, बरोबरीस एक असे संघगुण धरावेत. संघगुण समान झाल्यास पटांवरील गुण पाहावेत. यामुळे तीन पट हरलेल्या संघातील चौथ्या पटावरील मुलालाही झुंजण्याचे कारण उरते. खरी कसोटी घड्याळांची. बारा पटांना बारा घड्याळे एकाच वेळी लागतात आणि ती बहुतेक शाळांकडे नसतात. घड्याळाविना ठरावीक वेळेस डाव थांबवून पंचांनी निकाल द्यावा, अशी जुनी रीत आहे. पण पंच यजमान शाळेचाच शिक्षक असेल तर वाद अटळ. त्यापेक्षा अपुऱ्या डावाची स्थिती कागदावर मांडून, शाळांची नावे झाकून, ती साखळीबाहेरच्या जाणकाराकडे पाठवावी. कराडच्या महाविद्यालयांतील एखाद्या प्राध्यापकाने हे काम अंगावर घेतल्यास महिन्याचे दोन-तीन तास जातील.

डाव लिहिण्याची सवय हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग. आपल्या स्पर्धांच्या बातम्यांतून विजेत्यांची नावे उरतात, डाव उरत नाहीत. आठवीतील मुलगा 'घो', 'उं', 'ह' अशा देवनागरी अक्षरांनी खेळी लिहू लागला, तर दोन शनिवारांत ते त्याच्या हातवळणी पडते. प्रत्येक लढतीचे चार कागद, याप्रमाणे हंगामाअखेर साठ कागद जमतील. ते यजमान शाळेच्या कपाटात न ठेवता जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वर्षवार बांधून ठेवावेत आणि दाखलनोंदवहीत त्यांना क्रमांक द्यावा.